तंबूतली सफारी आणि कॅमेरा: उत्तर टांझानियात पक्षी, किडे आणि जनावरं टिपताना

लॉजमध्ये राहून केलेल्या आणि तंबूत राहून केलेल्या सफारीत जनावरं तीच दिसतात, कॅमेऱ्याचे हाल मात्र वेगळे होतात. तंबूत सॉकेट नसतं, धूळ येणार नाही अशी खोली नसते आणि दिवसाचे नऊ-दहा तास एकाच गाडीत जातात. बदल्यात खर्च बराच कमी येतो, आणि पक्षी-किडे तंबूच्या दोरीवर येऊन बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा सगळा जीव लेन्समध्ये अडकलेला असतो. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा गाडी चुकीच्या बाजूला थांबल्यामुळे, तापलेल्या हवेमुळे, नाहीतर चौथ्या दिवशी बॅटऱ्या संपल्यामुळे.

इथे गृहीत धरलेला मार्ग नेहमीचा आहे: आरुशा शहरातून तारांगिरे राष्ट्रीय उद्यान, मग न्दुतूची मैदानं किंवा सेरेंगेटी उद्यानातलं सेरोनेरा, आणि परतताना न्गोरोंगोरो, म्हणजे कड्यांनी वेढलेलं ज्वालामुखीचं विवर. सोबत ड्रायव्हर-गाइड आणि स्वयंपाकी, मुक्काम सरकारी कॅम्पसाइटवर. सात रात्री असतील तर तारांगिरेला दोन, सेरेंगेटी-न्दुतूला चार आणि न्गोरोंगोरोला एक अशी वाटणी ठेवावी. चार रात्रींत हे सगळं कोंबणाऱ्या सहली मिळतात, पण आरुशा ते सेरोनेरा हाच सात-आठ तासांचा रस्ता आहे. त्या सहलींत फोटो कमी आणि खड्डे जास्त पदरी पडतात.

हंगाम आधी ठरवा

जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. गवत खाली बसलेलं असतं, जनावरं पाण्याजवळ येतात, तारांगिरेत हत्तींचे मोठे कळप दिसतात. वाइल्डबीस्ट, म्हणजे मोठ्या कळपांनी स्थलांतर करणारी कुरंगं, या काळात उत्तरेला मारा नदीकडे सरकलेले असतात. पण धूळ सगळ्यात जास्त याच महिन्यांत, आणि किडे सगळ्यात कमी.

जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानात वाइल्डबीस्टची वीण होते आणि त्यामागे चित्ते, सिंह, तरस येतात. नोव्हेंबर ते एप्रिल युरोप-आशियातले स्थलांतरित पक्षीही मुक्कामाला असतात. नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जाणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेतच उतरतात आणि तिथून आणखी दक्षिणेला जातात. एप्रिल-मे मुसळधार पावसाचा. रस्त्यांचा चिखल होतो, पहिल्या खेपेला नको. पक्षी, किडे आणि जनावरं तिन्ही हवी असतील तर फेब्रुवारीसारखा महिना नाही.

काय न्यायचं

मुख्य लेन्स १००-४००, १५०-६०० किंवा २००-६०० मिमी यांपैकी एक. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी जनावरांना पुरते, पक्ष्यांना अपुरी पडते. १.५ क्रॉप (लहान) सेन्सरवर तीच लेन्स ६०० मिमीसारखी दिसते, म्हणून साधी क्रॉप बॉडी आणि १००-४०० ही जोडी नवशिक्याला स्वस्त आणि पुरेशी. ६०० मिमीची मोठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स भाड्याने घेण्याचा मोह टाळावा. भरलेल्या गाडीत ती वळवता येत नाही, आणि इथे जनावरं बऱ्याचदा इतकी जवळ येतात की हत्तीचा नुसता डोळा मावतो.

दुसरी बॉडी मिळाली तर जरूर न्या. तिच्यावर २४-१०५ किंवा ७०-२०० लावून ठेवायची. कारण हौसेचं नाही: चालत्या गाडीत लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच. दुसरी बॉडी नसेल तर रुंद दृश्यं फोनवर घ्या आणि मोठी लेन्स दिवसभर काढू नका.

किड्यांसाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स उत्तम. वजन किंवा पैसे वाचवायचे तर रेनॉक्स डीसीआर-२५० नावाची चिमट्याने बसणारी भिंगाची जोड मिळते. ती ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या आकाराच्या लेन्सवर बसते. तिच्यातून फोकस साधारण बारा सेंटिमीटरवरच होतो, त्यामुळे लाजऱ्या किड्याला ती चालत नाही. सकाळच्या गारव्यात सुस्तावलेल्या किड्याला चालते. एक छोटा फ्लॅश आणि त्यावर लावायला पांढऱ्या कापडाचा किंवा फोमचा डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) घ्या.

ट्रायपॉडचा गाडीत उपयोग शून्य. त्याच्याऐवजी बीन बॅग: दोन कप्प्यांची, खिडकीच्या किंवा छताच्या कडेवर घोड्याच्या खोगिरासारखी बसणारी. ती मुंबईहून रिकामी न्यायची आणि आरुशाच्या बाजारात तीन-चार किलो तांदूळ घेऊन भरायची. पूर्ण ठासून भरू नये. दोन-तृतीयांश भरली की लेन्स तिच्यात रुतून बसते. कुरमुरे किंवा थर्माकोलचे मणी हलके पडतात आणि लेन्स डुलते. तांदूळ शेवटच्या दिवशी स्वयंपाक्याला देता येतात.

बॅटऱ्या किमान चार. मिररलेस कॅमेरा नुसता सुरू ठेवून वाट पाहण्यातच बॅटरी खातो, आणि सफारीत वाट पाहणं हेच मुख्य काम. कार्डांचा हिशेब असा करा: २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबी, बर्स्ट (बटण दाबून सलग फोटो) चालवला की दिवसाला दीड-दोन हजार फ्रेम सहज, म्हणजे रोज ४०-६० जीबी. सात दिवसांना १२८ जीबीची चार कार्डं लागतात. एकच मोठं कार्ड घेऊ नका. ते बिघडलं की सगळी सहल गेली.

विमानात सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच चालते, चेक-इनमध्ये नाही. वीस हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, ती १०० च्या मर्यादेत बसते. बाकी सामान मऊ डफल बॅगेत भरा. टणक सूटकेस गाडीच्या मागे रचताना ड्रायव्हर कपाळाला हात लावतो. दुकानात मिळतात तशा प्लास्टिकच्या पिशव्या टांझानियात १ जून २०१९ पासून बंद आहेत, म्हणून सामान गुंडाळायला कापडी पिशव्या आणि उशांचे जुने अभ्रे घ्या. ड्रोन घरी ठेवा. महागड्या कॅमेरा-लेन्सचे सीरियल नंबर घालून भारत सोडताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परतताना 'हे तिथून आणलं का' हा प्रश्न उरत नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचे नियम आधी पाहा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

कपडे खाकी, राखाडी, फिकट हिरवे. काळा आणि गडद निळा टाळाच. तारांगिरेच्या झाडीत त्सेत्से माश्या असतात; त्यांना हे रंग ओढतात, आणि पातळ कापडातून त्यांचा डंख लागतो. डासांचं मलम त्यांना फारसं जुमानत नाही.

घरी सराव

नवीन किंवा भाड्याची लेन्स थेट आफ्रिकेत उघडू नका. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळते, ती एखाद्या शनिवार-रविवारसाठी घेऊन भिगवणला जा. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात कुरव आणि रोहित पक्षी उडताना मिळतात. शटर (सेन्सरवर उजेड किती वेळ पडतो), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) आणि फोकसचा बिंदू डोळा न काढता बदलता येईपर्यंत हात बसवा. किड्यांचा सराव घरच्या तुळशीपाशीही होतो.

गाडी आणि गाइड: निम्मा फोटो इथेच होतो

बुकिंग करताना कॅमेऱ्याबद्दल नाही, गाडीबद्दल विचारा. छत वर उचलणारी लँड क्रूझर हवी. सहा-सात प्रवासी बसू शकतात, पण कॅमेरे असतील तर चारांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजू मिळतात. अनोळखी लोकांच्या मिसळलेल्या गाडीत पक्ष्यांसाठी थांबायला कोणी तयार होत नाही. सिंह पाहिला की 'चला पुढे' सुरू होतं. पक्षी हवे असतील तर गाडी स्वतःच्या गटाची घ्या, दुसरा उपाय नाही.

पहिल्या सकाळी गाइडशी चार गोष्टी बोलून घ्या. एक, आम्हाला पक्षी आणि लहान जीवही हवेत, फक्त 'बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, रेडा, गेंडा) नको. दोन, शक्य तिथे सूर्य आमच्या पाठीशी येईल अशी गाडी लावा. तीन, थांबल्यावर इंजिन बंद करा. सुरू इंजिनाची थरथर बीन बॅगेतूनही लेन्सपर्यंत पोचते. चार, थांबण्याआधी दहा-पंधरा मीटर अलीकडे वेग कमी करा. पक्षी उडतो तो गाडी जवळ आली म्हणून नाही, गाडी करकचून थांबली म्हणून. स्वाहिलीत 'सिमामा' म्हणजे थांबा, 'पोलेपोले' म्हणजे हळूहळू, 'असांते' म्हणजे धन्यवाद. गाइड इंग्रजी उत्तम बोलतात, पण घाईच्या क्षणी 'सिमामा' लवकर पोचतं.

गाडीत कोणी उठलं-बसलं की गाडी झुलते. फोटो घेताना सगळ्यांनी गप्प आणि स्थिर, हा नियम पहिल्याच दिवशी करा. नंतर सांगितला की भांडण होतं.

उघड्या छतातून उभं राहून फोटो काढणं सगळ्यांना आवडतं, आणि बहुतेक फोटो तिथेच पडतात. उंचावरून घेतलं की सिंहामागे नुसती जमीन दिसते. त्याच सिंहाचा फोटो खिडकीतून, त्याच्या डोळ्याच्या जवळपास उंचीवरून घेतला तर मागचं गवत दूर जाऊन धूसर होतं आणि सिंह सुटा उठून दिसतो. नियम सोपा: जमिनीवरचं जनावर खिडकीतून, झाडावरचा पक्षी किंवा बिबट्या छतातून. जनावर अगदी टायरपाशी असेल तर खिडकीचाही कोन वाकडाच पडतो, तेव्हा गाडी वीस-तीस मीटर लांब घ्यायला सांगा.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. न्दुतूचा भाग न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात मोडतो, तिथे हंगामात मैदानात उतरण्याची मुभा असते, अटींसह. नियम मोडायला गाइडला गळ घालू नका. दंड आणि परवान्याचं नुकसान त्याचं होतं.

कॅमेरा लावून ठेवा

मॅन्युअल मोड, शटर आणि अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) हाताने, आयएसओ ऑटो. आयएसओची वरची मर्यादा क्रॉप बॉडीला ६४००, फुल फ्रेमला १२८००. फाइल रॉ. सुरुवातीचे आकडे, शटर सेकंदांत:

- बसलेला पक्षी, चरणारं जनावर: १/६४० ते १/१०००
- चालणारा हत्ती, सिंह: १/५०० ते १/८००
- उडणारा मोठा पक्षी: १/२०००, लहान पक्षी: १/३२०० किंवा वर
- धावणारा चित्ता: १/२५००
- पॅनिंग, म्हणजे पळत्या झेब्र्याबरोबर कॅमेरा फिरवणं: १/३० ते १/६०
- अपर्चर बहुतेक वेळ एफ/६.३ ते एफ/८

धुरकट फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. शटर कमी ठेवून आयएसओ वाचवणं ही नवशिक्यांची सगळ्यात महाग काटकसर.

कॅमेऱ्याचं प्रकाशमापन सगळं राखाडी करायला बघतं, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (उजेड वाढवण्या-घटवण्याची सोय) हस्तक्षेप करावा लागतो. फांदीवर बसलेला बिबट्या आणि मागे पांढरं आकाश असेल तर +१ ते +१.७, नाहीतर काळी सावली मिळेल. गडद पार्श्वभूमीवर पांढरा बगळा असेल तर -०.७ ते -१, नाहीतर पिसांचा तपशील जळतो. फ्रेमभर रेडा किंवा हत्ती असेल तर -०.३ ते -०.७.

फोकस सतत चालणारा, प्राणी-पक्षी डोळा ओळखणारी सोय असेल तर सुरू. पण उंच गवतात ती गवताच्या पात्यांना धरून बसते. तेव्हा एकच छोटा बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. या दोन पद्धतींत एका बटणाने जाता येईल असं कॅमेऱ्यात आधीच बसवून घ्या.

बर्स्ट आखूड ठेवा, एका दमात पाच-सहा फ्रेम. नवखे चित्ता उठल्याबरोबर बटण दाबून धरतात. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो आणि चित्ता खरा झेप घेतो तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो.

पक्षी

सुरुवात लायलॅक-ब्रेस्टेड रोलरपासून करा. आपल्या नीलपंखाचा हा भाऊबंद, छाती जांभळी, पंख निळे. रस्त्याकडेच्या वाळक्या फांदीवर उघड्यावर बसतो, गाडीला फारसा घाबरत नाही आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा करतो: खाली टोळ किंवा भुंगेरा दिसला की जमिनीवर झेपावतो, भक्ष्य उचलतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परततो. म्हणून उडताना त्याच्या मागे कॅमेरा फिरवू नका. पहिली झेप नुसती बघा. मग फोकस फांदीवर ठेवा, लेन्स थोडी मागे घ्या म्हणजे पसरलेले पंख फ्रेमबाहेर जाणार नाहीत, शटर १/३२००, आणि तो परत येताना, फांदीला टेकण्याच्या किंचित आधी बर्स्ट. पंखांची निळाई त्या क्षणीच उघडते. फांदीवर परतल्यावर तो भक्ष्य आपटतो, तेही सोडू नका.

वारा कुठून येतो ते बघा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि उडतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतो. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील.

लिटल बी-ईटर, म्हणजे आपल्या वेड्या राघूच्या कुळातला, गवतातल्या बुटक्या काडीवर बसतो. त्याच्यासाठी खिडकी हवी, छत नाही. मधमाशी पकडल्यावर तो ती काडीवर घासून-आपटून नांगी काढतो, तेव्हा तो काही सेकंद हलत नाही. गिधाडांसाठी पहाटे धावपळ नको. हवा तापून वर चढू लागल्याशिवाय ती फारशी उडत नाहीत, म्हणून मेलेल्या जनावरापाशी उतरणारी गिधाडं नऊनंतर मिळतात. कोरी बस्टर्ड दिसला की थांबाच: आपल्या माळढोकाचा हा धिप्पाड नातलग अठरा किलोपर्यंत वजनाचा होतो, आणि न्गोरोंगोरोत मान फुगवून नाचणारे नर सापडतात. नान्नजला माळढोक शोधून थकलेल्यांना हे दर्शन जड जाईल.

न्गोरोंगोरोच्या तळाशी मगादी नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, रोहित तिथेच असतात, पण लांब. मोठ्या लेन्सनेही ते गुलाबी ठिपकेच दिसतात. हट्ट न धरता सरोवर, कडा आणि गुलाबी रेघ असं रुंद दृश्य घ्या. जवळून हवेत ते मुकुटधारी क्रौंच, ते गवतात निवांत चरतात. न्गोइतोकितोकच्या पाणवठ्यावर जेवायला थांबतात तिथे घारी हातातला घास उचलून नेतात. जेवण गाडीत करा. मग बाहेर उभं राहून डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारींवर उडत्या पक्ष्यांचा सराव फुकट होतो.

नाबी हिल हे सेरेंगेटीचं प्रवेशद्वार. तिथे गाइड परवान्याच्या कागदांत अर्धा-पाऊण तास अडकतो आणि तुम्हाला गाडीबाहेर पडता येतं. हा वेळ चहात घालवू नका. सुपर्ब स्टार्लिंग, निळ्या पाठीच्या आणि नारिंगी पोटाच्या साळुंक्या, पायाशी फिरतात. खडकांवर गुलाबी डोक्याचे, निळ्या अंगाचे अगामा सरडे ऊन खात असतात. नर डोकं वरखाली करतो तेव्हा जमिनीलगत बसा आणि डोळ्यावर फोकस धरा.

मोठी जनावरं

इथे सांगण्यासारखं कमी आहे, कारण गाइड त्यांना शोधण्यात वाकबगार असतो. तीन गोष्टी पाळा. सूर्योदयाआधी तयार राहा. विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ वर चढतो आणि सोनेरी उजेड तासाभरात संपतो. नाश्ता डब्यात भरून सोबत घ्या, तंबूपाशी बसून खाल्लात की तो तास गेला. दुसरं, साडेनऊ-दहानंतर मैदान तापतं आणि हवा थरथरू लागते. शंभर मीटरवरचा सिंह कितीही महागड्या लेन्समधून पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. फोकस बिघडला असं वाटतं, तसं नसतं. तेव्हा जवळचेच विषय घ्या. तिसरं, फोटो डोळ्यांपुरता काढू नका. कळप, आभाळ, बाभळी यांच्यासह दर चौथा फोटो रुंद घ्यायचा, अशी सवय लावून घ्या.

न्गोरोंगोरोच्या पहाटेची वेगळी अडचण आहे. कड्यावरचा सिंबा तळ सुमारे २३०० मीटरवर, जून-ऑगस्टमध्ये कडाक्याची थंडी. गाडीत हीटर लावतात, मग खिडकी उघडून फोटो काढतात, आणि सगळे मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात: आतली गरम आणि बाहेरची गार हवा लेन्ससमोरच मिसळत असते. खाली उतरतानाच हीटर बंद करा, खिडक्या उघडा, आणि स्वेटर घाला.

दुपार किड्यांची

बारा ते तीन या वेळात बहुतेक गाड्या तळावर परततात, लोक झोपतात. किड्यांची वेळ हीच, शिवाय सकाळी निघण्याआधीची दहा मिनिटं. लक्षात ठेवा, मोकळ्या उद्यानात गाडीतून उतरता येत नाही. किडे मिळणार ते तळावर आणि ठरलेल्या थांब्यांवर. सरकारी तळांना कुंपण नसतं, म्हणून गवतात शिरायचं नाही, तंबू आणि स्वयंपाकघराच्या आवारातच राहायचं. बूट बंद, घालण्याआधी झटकलेले. बिळात हात नाही, दगड उलटायचे नाहीत. बसण्याआधी जमीन बघा: बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, आणि सिआफू नावाच्या चावऱ्या मुंग्यांच्या रांगेवर बसलात तर पँट काढून पळावं लागेल.

सुरुवातीला मुंगीसिंह शोधा. झाडाच्या किंवा छपराच्या आडोशाला, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत दोन-तीन सेंटिमीटरचे नरसाळ्यासारखे खड्डे असतात. तळाशी अळी जबडे उघडून दबलेली असते. मुंगी काठावरून घसरली की ती मातीचे कण उडवून तिला खाली पाडते. कॅमेरा जमिनीवर टेकवा, फोकस हाताने खड्ड्याच्या तळावर, एफ/११, फ्लॅश डिफ्यूझरसह, शटर १/२००. मुंगी मुद्दाम टाकू नका. रांग जवळून जात असेल तर पाच-दहा मिनिटांत एखादी पडतेच.

मॅक्रोत खोली फार कमी मिळते. एफ/११ ते एफ/१६ ठेवूनही मिलिमीटरभरच स्पष्ट येतं. ऑटोफोकस मागेपुढे शोधत बसतो, म्हणून तो बंद करून अंतर कायम ठेवा आणि स्वतः किंचित पुढेमागे झुलत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. किड्याचं शरीर सेन्सरला समांतर ठेवलं तर जास्त भाग स्पष्ट येतो. मॅक्रो लेन्स नसेल तर फोन उलटा धरा. कॅमेरा जमिनीलगत येतो आणि वारुळावरची मुंगीही डोंगर चढल्यासारखी दिसते.

शेणकिडे पावसाच्या महिन्यांत रस्त्यावरच दिसतात, मागच्या पायांनी गोळा ढकलत, डोकं खाली करून उलटे चालताना. उतरायचं नाही, म्हणून गाइडला थोडं लांब थांबवून खिडकीतून मोठ्या लेन्सने घ्या. लेन्स सर्वात जवळ किती अंतरावर फोकस करते ते आधी पाहून ठेवा, अनेक झूम दीड-दोन मीटरच्या आत फोकस करत नाहीत.

रात्री शौचालयाच्या दिव्याखाली पतंग, खंडोबाचे किडे आणि टोळ जमतात. स्टुडिओ तयार असतो, भिंत पांढरी, किडा स्थिर. मात्र काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा बारीक नैरोबी फ्लाय अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडल्यावर निघणाऱ्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात आणि तो हात डोळ्याला लागला तर सहलीचे दोन दिवस जातात.

फ्लॅश किड्यांपुरताच. रात्री जनावरं किंवा झोपलेले पक्षी यांच्यावर तो मारायचा नाही.

धूळ, चार्जिंग आणि रोजचं काम

नाबी हिलच्या रस्त्यावरची माती पिठासारखी बारीक असते. समोरून गाडी आली की खिडक्या बंद, कॅमेरा ओलसर पंच्याखाली किंवा उशीच्या अभ्र्यात. कॅमेरा गाडीच्या तळाला ठेवू नका, मांडीवर किंवा स्लीपिंग बॅगवर ठेवा. खडबडीत रस्त्याची सततची थरथर लेन्सच्या पायाचे स्क्रू ढिले करते. लहान ॲलन की (षटकोनी पाना) सोबत हवी, चेक-इन सामानात. संध्याकाळी सफाईचा क्रम बदलू नका: आधी हातपंपाचा ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी द्रव आणि कापड. थेट शर्टाने पुसलेल्या लेन्सवर त्याच धुळीच्या रेघा कायमच्या राहतात. सेन्सरवर डाग आहे का हे बघायला एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. डाग दिसला तरी तळावर फक्त ब्लोअर; ओली सफाई घरी.

चार्जिंग मुख्यतः चालत्या गाडीत होतं. गाडीत इन्व्हर्टर आहे का, किती वॉटचा, किती जणांत वाटायचा, हे बुकिंगलाच विचारा. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा यूएसबी चार्जर स्वतःचा ठेवा, बरेच कॅमेरा चार्जर आता यूएसबीवर चालतात. तळाच्या जेवणघरात कधी एखाद-दुसरं सॉकेट असतं, रांगेसह. त्यासाठी इंग्लंडसारख्या चौकोनी तीन पिनांचं अडॅप्टर हवं. त्यावर भिस्त ठेवू नका. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून सिंबा तळावर रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत.

रोज रात्री कार्ड दोन वेगवेगळ्या एसएसडींवर उतरवा. त्यातली एक कॅमेऱ्याच्या बॅगेत, दुसरी कपड्यांत. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही; पुरेशी कार्डं असतील तर करूच नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून फोटो उडवत बसणं टाळा, बॅटरी जाते आणि अंधारात बोट चुकतं.

बूट, पट्टे, ट्रायपॉड तंबूबाहेर ठेवू नका, तरस चामडं आणि रबर चावून पळवतात. फळं आणि खाऊ तंबूत नको, ते स्वयंपाकघराच्या जाळीआड. रात्री तंबूबाहेर पडण्याआधी दार थोडं उघडून टॉर्चने चारी बाजू पाहा. डोळे चमकले तर आत थांबा. ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर ट्रायपॉड तंबूच्या दारात, आणि गाइडला सांगून: रुंद लेन्स, एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. जेवणघरातला दिवा बंद व्हायची वाट पाहावी लागते, आणि तो बहुतेक वेळा दहाच्या आत बंद होतो.